भुकेचे संप्रेरक आणि प्रजननाच्या ऊती : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिले होते की, जठरात तयार होणारे घ्रेलिन हे संप्रेरक उंदरांच्या वृषणात आणि अंडाशयात ऑक्सिडीकरणामुळे होणारी हानी कमी करते, असे प्रयोगांत दिसले आहे. उत्तर चार ओळींचे होते, पण त्यावर आलेल्या पत्रांवरून लक्षात आले की काही वाचकांनी त्याचा अर्थ ‘वंध्यत्वावर नवे औषध सापडले’ असा घेतला. तो अर्थ चुकीचा आहे आणि तो दुरुस्त करणे ही माझी जबाबदारी आहे, म्हणून आजचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जठरातले संप्रेरक भुकेशी संबंधित असेल, तर त्याचा वृषणाशी आणि अंडाशयाशी काय संबंध? शिवाय अँटिऑक्सिडंट म्हणजे जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई असे आम्ही शिकलो. एखादे संप्रेरक अँटिऑक्सिडंट कसे असू शकते? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण सगळा गैरसमज त्याच ठिकाणी सुरू होतो. पण त्याआधी या संप्रेरकाची ओळख करून घेऊ.

घ्रेलिनच्या बाबतीत कुलूप आधी सापडले आणि किल्ली नंतर. वाढीचे संप्रेरक स्रवायला लावणारी काही कृत्रिम रसायने पूर्वीच तयार झालेली होती आणि ती पेशीवरील ज्या ग्राहीला (निरोप स्वीकारणाऱ्या रेणूला) चिकटतात, तो ग्राही १९९६ मध्ये ओळखला गेला. शरीराने असा ग्राही बाळगला आहे, त्या अर्थी त्याला चिकटणारे शरीराचे स्वतःचे काही रसायन असणार, हे उघड होते. ते मेंदूत सापडेल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. जपानमधील मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना ते १९९९ मध्ये उंदराच्या जठरात सापडले. ते २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, आणि तिच्यातील तिसऱ्या अमिनो आम्लावर, म्हणजे सेरिनवर, आठ कार्बनांचे ऑक्टॅनोइक आम्ल जोडलेले असते. हे मेदाम्ल जोडलेले असेल तरच ती साखळी त्या ग्राहीला जागे करते. ही जोडणी करणारे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) २००८ मध्ये ओळखले गेले. उंदराच्या आणि माणसाच्या घ्रेलिनमध्ये केवळ दोन अमिनो आम्लांचा फरक आहे, त्यामुळे उंदरावरील प्रयोग आपल्याला इतके जवळचे वाटतात.

जेवणापूर्वी रक्तातील घ्रेलिन वाढते आणि जेवणानंतर उतरते, म्हणून त्याला भुकेचे संप्रेरक म्हणतात. मात्र त्याचे ग्राही केवळ मेंदूत नसतात. वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या लायडिग पेशी आणि शुक्राणूंना वाढवणाऱ्या सर्टोली पेशी, तसेच अंडाशयातील पुटिका (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) व पीतपिंड (बीज सुटल्यावर पुटिकेपासून बनणारी ग्रंथी), अशा अनेक ठिकाणी ते आढळले आहेत. इतकेच नव्हे, तर वृषण आणि अंडाशय थोडे घ्रेलिन स्वतःही तयार करतात. म्हणजे हा निरोप जठराकडून रक्तावाटेही येतो आणि शेजारच्या पेशीकडूनही येतो.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे वळू. पेशी श्वसन करते तेव्हा प्राणवायूचा काही अंश अर्धवट अवस्थेत निसटतो आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी आक्रमक रूपे तयार होतात; त्यांना येथे सोयीसाठी ‘मूलके’ म्हणू. जीवनसत्त्व ई आणि क ही रूपे स्वतःच्या अंगावर घेतात. एक रेणू एका मूलकाला शांत करतो आणि स्वतः खर्ची पडतो. या प्रकारच्या संरक्षणाला रेणूंची संख्या लागते. आता आकडे पाहा. पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन मिलिमोलर प्रमाणात असते, तर रक्तातील घ्रेलिन साधारण एक दशांश नॅनोमोलर, म्हणजे सुमारे एक कोटी पटीने विरळ. इतक्या विरळ रेणूंनी मूलके अंगावर घेऊन काहीच साधणार नाही. घ्रेलिन हे काम करत नाही. ते ग्राहीमार्फत पेशीला निरोप देते आणि पेशी आपली संरक्षक विकरे वाढवते किंवा मूलके कमी निर्माण करते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलेले विकर सुपरऑक्साइडचे पेरॉक्साइड करते. पुढे कॅटलेज आणि सेलेनियमयुक्त ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचे पाणी करतात. विकराचा एक रेणू कामात खर्ची पडत नाही, तो पुन्हा पुन्हा तेच काम करतो, म्हणून थोडा निरोपही मोठा परिणाम घडवू शकतो. त्यामुळे घ्रेलिनला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणण्यापेक्षा ‘अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करणारे’ म्हणणे मला अधिक अचूक वाटते. मागील उत्तरात मी हा भेद केला असता, तर निम्मी पत्रे आलीच नसती.

२००९ आणि २०१० च्या सुमारास इराणमधील पशुवैद्यक संशोधकांनी निरोगी उंदरांना काही दिवस घ्रेलिन टोचून त्यांच्या वृषणांची आणि अंडाशयांची तपासणी केली. संरक्षक विकरांची क्रियाशीलता वाढलेली आणि मॅलॉनडायअल्डिहाइड हे मेदाच्या नासाडीतून उरणारे रसायन घटलेले त्यांना आढळले. हे रसायन कसे मोजतात हे आपण प्रयोगशाळेत शिकला असाल: ऊतीच्या अर्कात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवले की गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरला मोजतात. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, परंतु हाच रंग इतर काही पदार्थांमुळेही येतो, हे विसरू नका. ज्या शोधनिबंधात केवळ या एका मोजणीवर मोठा निष्कर्ष उभा केला असेल, तो वाचताना सावध राहा. घ्रेलिन मोजण्यातही अशीच एक अडचण आहे. रक्त काढल्यावर ते मेदाम्ल लवकर सुटून पडते, म्हणून नमुना लगेच थंड ठेवून आम्लयुक्त करावा लागतो. ही काळजी घेतली होती की नाही, हे निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात जरूर शोधा.

प्रजननाच्या ऊतींवरच हे प्रयोग इतके का होतात, यालाही कारण आहे. शुक्राणूच्या आवरणात अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले भरपूर असतात; त्यांच्यामुळे ते आवरण लवचीक राहते आणि त्यांच्यामुळेच ते मूलकांच्या हल्ल्याला सहज बळी पडते. शिवाय शुक्राणू परिपक्व होताना आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देतो, आणि त्याबरोबर संरक्षक विकरेही जातात. जॉन मॅक्लिओड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते की प्राणवायूच्या अतिरेकात माणसाचे शुक्राणू हालचाल गमावतात आणि कॅटलेज घातले तर ती टिकते. अंडाशयाची गोष्ट वेगळी आहे. बीज बाहेर पडण्याची घटना ही एक छोटी, आटोक्यातली दाह-प्रक्रियाच असते आणि तिला काही मूलकांची गरज असते. शुक्राणूलाही बीज फलित करण्याची क्षमता येण्यासाठी थोडी मूलके लागतात. त्यामुळे मूलके म्हणजे निव्वळ शत्रू आणि त्यांचा जितका नाश होईल तितके चांगले, हे समीकरण प्रजननाच्या ऊतींना तरी लागू पडत नाही.

आणि आता ती बाजू, जी बातम्यांमध्ये सहसा येत नाही. हेच घ्रेलिन मेंदूच्या पातळीवर प्रजननाला लगाम घालते. वृषणाला आणि अंडाशयाला कामाला लावणारे, पियुषिका ग्रंथीतून सुटणारे ल्युटिनायझिंग संप्रेरक ते कमी करते. २००२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी उंदराच्या वृषणाचे तुकडे घ्रेलिनमध्ये ठेवले, तेव्हा टेस्टोस्टेरॉनचा स्राव घटला. नर उंदरांच्या पिलांना ते दीर्घकाळ दिले तर त्यांचे वयात येणे लांबते. एकीकडे ऊतीचे रक्षण आणि दुसरीकडे तिच्या कामाला आवर, हा विरोधाभास वाटतो. माझे मत असे आहे, आणि ते मत म्हणूनच घ्यावे, की यात विरोध नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा वरळीच्या किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नीट शाकारून ठेवतात. होडी त्या काळात मासे आणत नाही, पण ती कुजूही नये, याची काळजी घेतली जाते. अन्न दुर्मीळ असताना शरीर प्रजननाच्या बाबतीत असेच काही करत असावे.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या एका वृषणाला गेल्या वर्षी पीळ पडला. लाजेमुळे त्याने रात्रभर सांगितले नाही आणि शेवटी ते वृषण काढावे लागले. घ्रेलिनमुळे पीळ पडलेल्या वृषणाचे नुकसान टळते असे वाचले. हे इंजेक्शन तेव्हा मिळाले असते तर ते वाचले असते का? (एक आई, लालबाग)

उत्तर : नाही. हे इतके ठामपणे लिहितो, कारण ‘आणखी काही करता आले असते’ या विचाराचे ओझे आपण वाहू नये.

आपण वाचले ते प्रयोग खरे आहेत. पीळ पडला की रक्त थांबते आणि पेशीतील ऊर्जेचे चलन, एटीपी, संपत जाऊन त्याच्यापासून हायपोझँथिन साचते. पीळ सोडवल्यावर रक्ताबरोबर प्राणवायू परत येतो, तेव्हा झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्या साचलेल्या मालावर काम करताना एकाएकी सुपरऑक्साइडचा लोंढा निर्माण करते. म्हणजे काही नुकसान रक्त थांबल्यामुळे होते आणि काही ते परत आल्यामुळे होते. हा दुसरा भाग कमी करता येईल का, हे पाहण्यासाठी उंदरांना भूल देऊन त्यांच्या वृषणाला पीळ दिला जातो, ठरलेल्या वेळेनंतर तो सोडवला जातो आणि काही उंदरांना घ्रेलिन दिले जाते. त्या उंदरांत हानी कमी दिसली. पण तिथे पीळ किती वेळ ठेवायचा, हे संशोधकाच्या हातात असते. ज्या वृषणाला रात्रभर रक्तच मिळाले नाही, तिथे वाचवण्याजोग्या पेशीच फारशा उरत नाहीत, आणि गेलेल्या पेशीला कोणतेही संप्रेरक परत आणत नाही. माणसांत या कामासाठी घ्रेलिन वापरले जात नाही.

आपल्या मुलाचे दुसरे वृषण निरोगी असेल तर पौगंडावस्था आणि पुढे पितृत्व या दोन्हींसाठी सहसा एक वृषण पुरते. अशा शस्त्रक्रियेत सर्जन बहुधा दुसरे वृषणही टाके घालून स्थिर करतात, कारण पीळ पडण्यास कारणीभूत ठरणारी रचना अनेकदा दोन्ही बाजूंना असते. ते केले आहे का, हे शस्त्रक्रियेच्या कागदांत पाहून खात्री करून घ्या. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाच्या अंडकोशात किंवा ओटीपोटात अचानक तीव्र वेदना सुरू झाली, बरोबर मळमळ किंवा उलटी असली, तर सकाळची वाट पाहू नका. पहिल्या सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते. त्यानंतर दर तासागणिक शक्यता घटत जाते. घरातील मुलांशी याविषयी आधीच, मोकळेपणाने बोलून ठेवा.

प्रश्न : गोरेगावला आमचा म्हशींचा तबेला आहे, मुऱ्हा आणि जाफराबादी दोन्ही आहेत. उन्हाळ्यात म्हशी वारंवार उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. एका विक्रेत्याने ‘जठराचे अँटिऑक्सिडंट संप्रेरक’ असलेली पावडर दाखवली आणि ती पेंडीत घातल्याने म्हशी लवकर गाभण राहतात असे सांगितले. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. घ्रेलिन हे अमिनो आम्लांची साखळी असल्यामुळे ते तोंडावाटे दिले की अन्नातील प्रथिनांसारखेच पचून जाते. म्हशीच्या बाबतीत तर जठररसापर्यंत पोहोचण्याआधीच पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील जिवाणू त्याचे तुकडे करतील. पावडरीत ते खरोखर असेल तरीही रक्तात पोहोचणार नाही. म्हशीचे स्वतःचे घ्रेलिन चौथ्या कप्प्यात तयार होते आणि ते वाढवण्याची तिला गरजही नाही. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दुधात जाणारी ऊर्जा खाण्यातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते, जनावर अंगावरची चरबी वापरते, आणि या उपाशी अवस्थेचा निरोप मेंदूला मिळत राहिल्यामुळे माज लांबतो. अशा म्हशीला भुकेचा निरोप आणखी मोठ्या आवाजात देऊन काय मिळणार? तिला पोटभर चांगला चारा हवा.

उन्हाळ्यात म्हशी उलटण्याचा ऑक्सिडीकरणाशी संबंध मात्र आहे, त्यामुळे आपला प्रश्न अस्थानी नाही. काळी कातडी, विरळ केस आणि घामाच्या ग्रंथी कमी, यांमुळे म्हैस ऊन लवकर धरते. शरीराचे तापमान वाढले की वाढत्या बीजात आणि गर्भधारणेच्या पहिल्या दिवसांतील गर्भात मूलके वाढतात आणि गर्भ टिकत नाही. गावाकडे म्हैस दुपारी डबक्यात डुंबते. मुंबईच्या पत्र्याच्या तबेल्यात तिला ते मिळत नाही. त्यामुळे छताला आतून उष्णतारोधक आच्छादन घालणे, दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारणे आणि नंतर पंख्याचा वारा देणे, चोवीस तास समोर थंड पाणी ठेवणे यांवर केलेला खर्च पावडरीपेक्षा निश्चित उपयोगी पडतो. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, म्हणजे त्याची लक्षणे फारशी दिसत नाहीत, तोही बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणून पहाटेच्या धारेआधी एक फेरी मारा. ‘उलटली’ असे आपण म्हणतो, त्यांतील काही म्हशी वेळेवर भरलेल्याच नसतात.

अँटिऑक्सिडंट द्यायचेच असेल तर जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांचा विचार पशुवैद्यांशी बोलून करा. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराच्या केंद्रस्थानी सेलेनियमच असते, आणि या दोहोंची कमतरता असलेल्या गाईंना विण्यापूर्वी ती दिली तर वार अडकण्याचे प्रमाण घटते, असा अनुभव आहे. पण सेलेनियमची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, त्यामुळे ते अंदाजाने कधीही देऊ नका. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनही मोलाचे आहे. कृत्रिम रेतन करून घेत असाल तर आणखी एक गोष्ट स्वतः पाहा: उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली रेताची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे ३० सेकंद धरून मगच वापरतात की नुसती हातात चोळतात? गोठवणे आणि वितळवणे या दोन्ही वेळी शुक्राणूंवर मूलकांचा मारा होतो आणि म्हशीच्या रेड्याचे रेत त्या बाबतीत वळूच्या रेतापेक्षा नाजूक असते. म्हशींच्या गर्भाशयाची तपासणी एकदा जाणकारांकडून करून घ्या. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून मुंबईत आहे आणि तेथे पशुप्रजननाचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची हालचाल कमी आहे. घ्रेलिनसारखे संप्रेरक माणसांना मिळते का? नसेल तर अँटिऑक्सिडंट गोळ्या सुरू ठेवाव्यात का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : घ्रेलिनच्या ग्राहीला जागे करणारी, तोंडाने घेता येणारी काही कृत्रिम औषधे आहेत. कॅप्रोमोरेलिन हे २०१६ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांची भूक वाढवण्यासाठी मंजूर झाले. अ‍ॅनामोरेलिन २०२१ मध्ये जपानमध्ये कर्करोगातील क्षीणतेसाठी मंजूर झाले. दोन्हींचा हेतू भूक आणि वजन हा आहे. शुक्राणूंसाठी ती दिली जात नाहीत, आणि घ्रेलिन ल्युटिनायझिंग संप्रेरक कमी करते हे लक्षात घेता, मी तरी त्या वाटेला जाण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

गोळ्यांविषयी बोलायचे तर, ऑक्सिडीकरणाने शुक्राणू बिघडतात हे खरे असले, तरी गोळी घेतल्याने मूल होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत कमकुवत वीर्य असलेल्या पुरुषांना जीवनसत्त्व क, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक आम्ल आणि लायकोपीन यांचे मिश्रण दिले, पण तीन महिन्यांनंतर शुक्राणूंची संख्या, हालचाल किंवा डीएनए यांत औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सुधारणा दिसली नाही. दुसरी चाचणी २,३७० जोडप्यांची होती. तीत झिंक आणि फॉलिक आम्ल दिले, तरी जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही आणि पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. त्यामुळे ज्या गोळ्यांसाठी आपण दरमहा पैसे मोजत आहात, त्यांच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना स्पष्ट प्रश्न विचारा.

पैसा आणि वेळ अन्यत्र लावण्यासारखा आहे. एका तपासणीवर निष्कर्ष काढू नका. ती काही आठवड्यांनी पुन्हा करा. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून तपासणीच्या अडीच-तीन महिने आधी आलेला ताप किंवा आजार त्या अहवालात उमटतो. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांपैकी काही असेल तर ते आज बंद करा. मूलकांचा इतका मोठा आणि इतका सहज टाळता येणारा स्रोत दुसरा नाही. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या आहेत का, हे मूत्ररोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, कारण त्यावर उपचार आहे. आणि पत्नीची तपासणी त्याच वेळी सुरू करा. एकाचे पूर्ण झाल्यावर दुसऱ्याचे, असे करण्यात वर्षे जातात.

प्रश्न : घ्रेलिनला आठ कार्बनांचे मेदाम्ल लागते, आणि ते खोबऱ्यात असते असे समजले. आमच्या मालवणी जेवणात नारळ भरपूर. त्याचा फायदा होत असेल का? (दादर)

उत्तर : माहिती बरोबर आहे. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी साधारण ५ ते १० टक्के ऑक्टॅनोइक आम्ल असते, आणि मध्यम लांबीची मेदाम्ले खाऊ घातलेल्या उंदरांत मेदाम्ल जोडलेल्या घ्रेलिनचे प्रमाण वाढलेले २००५ मध्ये दाखवले गेले. परंतु तेथून अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या रक्षणापर्यंत जाणारा पूल कोणी बांधलेला नाही. नारळ चवीसाठी खावा.

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. वर्षभरात तिने अकरा किलो वजन कमी केले, रोज सोळा तास उपाशी राहते आणि जिमला जाते. चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही. ती म्हणते, उपवासाने घ्रेलिन वाढते आणि घ्रेलिन अंडाशयाचे रक्षण करते, मागच्या अंकात तुम्हीच लिहिले होते. (एक आई, गिरगाव)

उत्तर : आपले पत्र वाचून मी अस्वस्थ झालो, आणि हे सदर लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. माझ्या अपुऱ्या वाक्याचा आधार आपल्या मुलीने घेतला असेल, तर कृपया हे उत्तर तिला स्वतः वाचायला द्या.

आता मुलीला सांगतो: ताई, उपाशी राहिल्याने घ्रेलिन वाढते, हे बरोबर आहे. एकादशीला केवळ पाणी घेतले तर ते वाढेल आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली की उतरेल. पण प्रयोगातील उंदरांना पोटभर खायला मिळत होते. त्यांना घ्रेलिन बाहेरून टोचले होते. आपल्या शरीरात ते वाढले आहे ते उपाशीपणामुळे, आणि त्या उपाशीपणाबरोबर लेप्टिन (चरबीतून येणारे, साठा पुरेसा असल्याचे कळवणारे संप्रेरक) घटते, इन्सुलिन घटते, कॉर्टिसॉल वाढते. मेंदू हे सगळे एकत्र वाचतो आणि बीज तयार करण्याचा आदेश थांबवतो. खाण्याच्या विकाराने अतिशय कृश झालेल्या स्त्रियांच्या रक्तात घ्रेलिन भरपूर असते, आणि तरीही त्यांची पाळी बंद असते. आपली पाळी चार महिने आलेली नाही, याचा अर्थ अंडाशय सुरक्षित आहे असा घेऊ नका. अंडाशयाला काम करण्याचा आदेशच मिळत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्या काळात इस्ट्रोजेन कमी राहते, आणि विशीत हाडे भक्कम होण्याच्या वयातच ती विरळ होऊ लागतात. ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघेल याची हमी नसते.

आईसाठी सांगतो: या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणा तपासणी, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्राडायॉल या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या यांपासून सुरुवात होईल, कारण पाळी थांबण्याची इतर कारणे आधी वगळावी लागतात. वजन किती आणि किती काळात घटले, सोळा तासांनंतरच्या आठ तासांत ती प्रत्यक्षात काय खाते, आणि व्यायाम किती करते, हे कागदावर लिहून न्या. तिला खाण्याविषयी भीती किंवा अपराधीपणा वाटत असल्याचे दिसले, तर डॉक्टरांना तेही सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच फेरीत ठरवा.